किल्लीकाकांच्या गिटारी

"ही पोरगी बोलत नाय का वो?" द्राक्षं भरणाऱ्या मंगलाबाईंनी विचारलं.

"बोलते," काका म्हणाले. "अजून सुरात लागली नाही, एवढंच. नव्या तारांना वेळ लागतो."

मी द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यांच्या थप्पीमागे उभी होते. पुढे जावं की आल्या पावली परतावं, मला कळेना. तेवढ्यात काकांना माझ्या चपला दिसल्या असाव्यात. "ये गं, ये," त्यांनी हाक मारली, "आज मान बदललीय."

मंगलाबाईंनी आधी काकांच्या मानेकडे पाहिलं, मग माझ्या.

मान गिटारची. काकांनी गिटारच्या प्रत्येक भागाला मराठी नाव दिलं होतं. खाली पोट, वर डोकं आणि मधली लांब पट्टी ती मान. दुकानातल्या गिटारची मान पोटाला एकदा चिकटवली की कायमची. काकांच्या गिटारची मान मात्र बोल्टवर बसायची. तिच्या बुडाशी एक भोक होतं. त्यात किल्ली घालून अर्धा फेरा दिला की मान जरा कलायची आणि तारा पट्टीच्या जवळ यायच्या किंवा लांब जायच्या. शिवाय कुठलीही मान कुठल्याही पोटावर बसायची. जाड मान, बारीक मान, आखूड मान. सागाचं पोट, शिसवीचं पोट. "चिकटवलं की माणूस विचार करायचा थांबतो," काका म्हणायचे. त्यांनी फोनवर काकूंना "मान काढून ठेवलीय, संध्याकाळी बसवतो" असं सांगितलेलं मी ऐकलंय. पलीकडून काकूंनी नुसतं "बरं" म्हटलं असावं, कारण काकांनी लगेच फोन ठेवला.

ते बाबांच्या कंपनीतले. सातपूरला इलेक्ट्रिकल पॅनेलचं डिझाईन करायचे आणि वेळेआधीच निवृत्ती घेऊन बाहेर पडले. षटकोनी तोंडाची ती किल्ली कायम शर्टाच्या खिशात, पेनाच्या जागी. किल्लीकाका हे नाव आमच्या सोसायटीने ठेवलं. कुणाकडे चहाला गेले तरी ते आधी दाराची बिजागरी हलवून बघत, मग बसत. एकदा बाबांना भेटायला आले आणि जाता जाता त्यांनी माझी ऑफिसच्या कामाची खुर्ची खाली केली. मला कुणी सांगितलं नाही. दोन दिवस मला वाटत राहिलं की टेबलच उंच झालंय. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की पाठ दुखायची थांबलीय. आता त्यांचा राग धरायचा की आभार मानायचे, हे ठरेना. मी दोन्ही केलं नाही.

त्यांच्याकडे मी गेले ती माझ्या करंगळीमुळे. शाळेत असताना मी गिटार शिकत होते. स्कूटीवरून पडले, डाव्या हाताची करंगळी मोडली आणि जुळली ती थोडी आखडूनच. क्लासमध्ये परत गेले तेव्हा तिसऱ्या तारेपलीकडे बोट पोचेना आणि पोचलंच तर कळ यायची. पुढच्या आठवड्यात सरांनी मला कीबोर्डच्या बॅचमध्ये बसवलं. मी जाऊन बसले. काही वर्षांनी हे बाबांकडून काकांच्या कानावर गेलं. त्यांनी माझा हात पालथा करून, उताणा करून पाहिला, जणू कुठे स्क्रू आहे का ते शोधत होते. मग म्हणाले, "हात बदलता येत नाही. माणसाचे पार्ट मिळत नाहीत. गिटार बदलू."

त्यानंतर माझे बरेच शनिवार पिंपळगावला गेले. तिथे काकांच्या थोरल्या भावाचं, अण्णांचं, द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. सीझन संपला की शेड रिकामी असते. तिच्या मागच्या खोलीत काकांचं दुकान. दुकान तरी कसं म्हणू? विकलं काहीच जात नव्हतं. नाशिकहून गाडीत आम्ही दोघंच असायचो. काका हायवेभर बोलायचे. मी "हो", "अच्छा" करायचे आणि ओझरच्या पुलाशी मला नेहमी वाटायचं की आता काहीतरी विचारायला हवं. काय, ते ठरेपर्यंत पिंपळगाव यायचं.

मला विचारायचं होतं ते एकच. काकांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. सारेगमसुद्धा नाही. मग हे सगळं कशासाठी?

अण्णांना असले संकोच नव्हते. "ह्याला धड शीळ घालता येत नाय," ते माझ्यासमोरच म्हणाले, "अन् गिटारी करतोय."

"दातांच्या डॉक्टरला स्वतःचे दात असावे लागतात का, अण्णा?"

"असले तर बरंच की."

काका हसले. उत्तर मात्र मला मिळालं नाही. अजूनही पुरतं मिळालेलं नाही.

माझ्या हातात गिटार देऊन ते समोर खोक्यावर बसायचे आणि विचारायचे, "कसं वाटतंय?"

"छान."

"छान हे उत्तर नाही. छान म्हणजे सुटका. कुठे दुखतंय ते सांग."

सांगायला माझ्याकडे होतं. पण ते आधी इंग्रजीत यायचं, मग मी त्याचं मराठी शोधायचे, मग ते मोठ्या माणसाला सांगण्यासारखं आहे का ते बघायचे. तोवर काकांनी किल्ली फिरवलेली असायची. मग नवीन गिटार, नवीन "कसं वाटतंय?" आणि माझं जुनं "छान". तरी ते दर शनिवारी न्यायला यायचे. मला वाटायचं, ह्यांना माझं काही कळतच नाहीये. कधी वाटायचं, सगळं कळतंय आणि ते मुद्दाम थांबलेत. दोन्हींतलं खरं काय, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता यायचं नाही, कारण तो बहुतेक वेळ गिटारच्या पोटात वाकलेला असायचा.

सुटे भाग ठेवायला त्यांनी द्राक्षं भरायचे प्लास्टिकचे पारदर्शक डबे घेतले होते. एका सीझनच्या सुरुवातीला त्यातला एक, तारा पिळायच्या लोखंडी खुंट्यांनी भरलेला, पॅकिंगच्या टेबलावर गेला. मंगलाबाईंनी तो सवयीने काट्यावर ठेवला. "ह्या द्राक्षांचं वजन लय भरतंय वो," त्या ओरडल्या. सगळ्या बायका हसल्या, काका सर्वांत जास्त हसले. अण्णा हसले नाहीत. बाहेरच्या देशात जाणाऱ्या मालात लोखंड सापडलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं. मग म्हणाले, "पुढच्या सीझनला मला खोली लागंल. माल गार करायचं मशीन टाकायचंय. पुढल्या संक्रांतीच्या आत आवर."

काकांनी मान हलवली आणि त्याच दुपारी एक नवीन मान तासायला घेतली.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी ते घडलं. आखूड मान होती, शिसवीचं पोट. काका बाहेर टेम्पोवाल्याशी बोलत होते. मी नेहमीसारखी चाचपडत सुरुवात केली आणि अपघाताआधी अर्धी राहिलेली धून शेवटपर्यंत वाजवून गेले. करंगळी पोचली. कळ आली नाही. मी परत एकदा वाजवली. खोलीत कुणी नव्हतं. काका आत आले, विचारलं, "कसं वाटतंय?" आणि मी म्हणाले, "छान."

पुढच्या शनिवारी ती गिटार नव्हती. आखूड मान सागाच्या पोटावर बसली होती, शिसवीच्या पोटावर भलतीच मान. "ती इथे जास्त खुलेल," काका म्हणाले. मी गेल्या वेळची परत जोडायला सांगितली असती, तर त्यांनी जोडलीही असती. पण किल्लीला किती फेरे दिले होते, हे त्यांना आठवलं नसतं; त्यांना पुढचा फेरा तेवढा दिसायचा. मला कळेना, सगळे भाग समोर असताना एखादी वस्तू हरवते कशी? आणि हरवली होती की नाही? त्या दिवशी माझाच हात वेगळा असेल कदाचित.

आता काका बंगळुरूला लेकीकडे राहतात. तिच्या फ्लॅटची सगळी दारं त्यांनी सारखी केली आहेत, आता शेजाऱ्यांची चालू आहेत, असं काकू सांगतात. फोनवर मला अजून विचारतात, "कसं वाटतंय?" मी पूर्वीपेक्षा जरा लांब उत्तर देते.

ते जाण्याआधी, खोली रिकामी करायच्या दिवशी मी गेले होते. अण्णांचा टेम्पो दाराशी लागला होता. सागाची आणि शिसवीची पोटं जुन्या गोधड्यांत बांधली जात होती. "यातली एक तुझी," काका म्हणाले. "कुठलीही उचल. सगळ्या सारख्याच, कुठलंही कुठेही बसतं." त्यांनी हे हसत म्हटलं, पण आवाज नेहमीचा नव्हता.

मी आखूड मान उचलली. मग शिसवीच्या पोटाकडे बोट दाखवलं. त्यांनी काही न विचारता बोल्ट आवळले, तारा चढवल्या, गिटार माझ्या हातात दिली आणि खोक्यावर बसले.

"कसं वाटतंय?"

'छ' ओठांवर आलाच होता. "दुखतंय," मी म्हणाले.

काका पुढे सरकले. "कुठे?"

"करंगळीच्या मुळाशी. तारा लांब आहेत."

त्यांनी किल्ली फिरवली. "आता?"

"अजून थोड्या जवळ."

"आता?"

"जास्त झालं. तार घासतेय. मागे घ्या."

"बोलली बया!" दारातून मंगलाबाई म्हणाल्या. अण्णांनी टेम्पोवाल्याला जरा थांबायला सांगितलं.

काका फिरवत होते, मी सांगत होते. अण्णा शेवटी खाली टेकले. आणि मग बोट पोचलं. मी ती धून सावकाश वाजवली. एका ठिकाणी चुकले, तिथून पुन्हा धरली, शेवटपर्यंत गेले. काका जमिनीकडे बघत होते. ते ऐकत होते की बोल्ट मोजत होते, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी डोळे पुसले, किंवा लाकडाचा भुसा झटकला असेल, आणि किल्ली घेऊन वाकले.

"सुरेख. आता फक्त पाव फेरा दिला ना, तर बघ—"

मी मानेच्या बुडाशी, त्या भोकावर, तळहात ठेवला.

"काका," मी म्हणाले, "आता हिला हात लावायचा नाही."