लांडगा दिसला तेव्हा

कासच्या पठाराकडं गाड्यांची लांब रांग लागली, तेव्हा साहेब वैतागून म्हणाले, "कुठंतरी शांत जागा नाही का रे?" मी पटकन माण तालुक्यातलं आमच्या गावचं माळरान सुचवलं आणि लगेच धास्तावलो. तिथं आहे काय, नुसतं गवत! पण पुण्यात ओळखीचं कुणी नसताना ज्यांनी मला गाडी शिकवून कामावर ठेवलं, त्यांना आपलं काहीतरी दाखवावं असं फार वाटत होतं.

पुढच्या रविवारी साहेब आणि मॅडम दुर्बीण घेऊन माळावर बसले. दोघांना लांडगा बघायचा होता. ऊन चढलं, तरी कुणी बोललं नाही. मग समोरच्या गवतातून तो बाहेर आला. मॅडमनी श्वास रोखला, आणि मी उठून टाळ्या पिटत ओरडलो, "हाऽ हाऽ! लांडगा आला रंऽ!"

पाचवीतून शाळा सोडून मेंढरांमागं गेलो, तेव्हापासून तोंडात बसलेली आरोळी ती. लांडगा पळाला. साहेबांनी दुर्बीण खाली ठेवली.

तेवढ्यात टेकाडापलीकडून चुलते काठी घेऊन धावत आले. त्यांची मेंढरं तिकडंच चरत होती.

"लय ब्येस वरडलास, गड्या!"

"आम्ही त्यालाच बघायला आलो होतो," साहेब म्हणाले.

"आवं साहेब, त्यो दिसू नये म्हणून आमी देवाला नारळ फोडतो!"

साहेब हसले, चुलतेही हसले. मी गाडीपाशी जाऊन काच पुसत राहिलो. दोघांपैकी एकाकडंही मला बघवत नव्हतं.