शून्यावर अडकलेली सायकल

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, चिकोडीहून आमच्या खासबागेतल्या घरी राहायला आली. डॉक्टरांनी रोज थोडी सायकल मारायला सांगितलं होतं, म्हणून माझ्या मुलीनं पुण्याहून घरातल्या घरात चालवायची स्मार्ट सायकल पाठवून दिली. पुढच्या पडद्यावर वेग आणि पायांचे फेरे दिसायचे. आक्का जन्मभर शाळेत पीटी शिकवलेली बाई. आकडा वाढताना दिसला की तिला हुरूप यायचा.

आठवड्याभरात पडद्यावर शून्य आलं.

"बघ गं, पाय फिराय लागल्यात न्हवं माझं?" आक्का चिडून म्हणाली.

"फिरायल्यात की."

"मग ह्याला दिसंना व्हय?"

कंपनीच्या माणसानं फोनवर हिंदीत सांगितलं, बंद करून चालू करा. केलं. मग म्हणाला, ॲडॉप्टर बदला. खडेबाजारातून नवा आणला. दोन दिवस ठीक चाललं, परत शून्य. घरी माणूस पाठवतो म्हणाला, तो काही येईना.

"आण इकडं स्क्रू-ड्रायव्हर," आक्का म्हणाली.

ती खुर्चीत आणि मी फरशीवर, अशा आम्ही बसलो. बाजूचं झाकण काढलं. आत चाकावर छोटंसं लोहचुंबक होतं आणि त्याच्यासमोर वायर जोडलेला सेन्सर. लोहचुंबक समोरून गेलं की एक फेरा मोजायचा, एवढंच त्याचं काम. सेन्सर जरा जवळ सरकवला, आकडे आले. आम्ही दोघी टाळ्या पिटून हसलो. चौथ्या दिवशी पुन्हा शून्य.

माझे हात काळे झालेले आक्कानं बघितले. मग म्हणाली, "तवंदीच्या चढावर चेन पडलेली आठवती?"

आठवत होती. निपाणीत वडिलांची उंच सायकल आम्हा दोघींत एक. मी मागं कॅरिअरवर, ती पुढं, दांडीखालून पाय घालून चालवणारी. त्या दिवशी वडिलांना न विचारता आम्ही गावाबाहेर गेलतो. चेन पडली तेव्हा मी रडायला लागले आणि तिनं बाभळीच्या काटकीनं चेन दातऱ्यावर चढवली. घरी येऊन हात राखेनं घासले, तरी नखांतलं काळं आईनं ओळखलंच. मार तिनं एकटीनं खाल्ला. वर्षभरात तिचं लग्न झालं. त्यानंतर आम्ही एका घरात इतके दिवस राहिलोच नव्हतो.

"आता तू चालीव, मी आत बघते," मी म्हणाले. सेन्सर परत नीट बसवला, आकडे आले, पण या वेळी झाकण उघडंच ठेवून मोबाइलचा उजेड आत धरला. ती सावकाश चालवत होती तोवर सगळं ठीक होतं. तिनं जोर लावला तशी सायकल किंचित डुलली, आत ताणून बसवलेल्या वायरीला हिसका बसला आणि जोड ढिला झाला. आकडा गेला.

"आक्का, सेन्सरचं काय न्हाय गं! आपली फरशी खाली-वर हाय. एक पाय अधांतरी हाय हिचा."

म्हणजे ॲडॉप्टर बदलताना झालेल्या हलवाहलवीत आणि नंतर सेन्सर सरकवताना वायरीचा जोड नकळत दाबला जात होता आणि सायकल तो पुन्हा सैल करत होती. मग पायाखालचा स्क्रू फिरवून सायकल टेकवली, जाड रबर अंथरलं, वायरीला थोडी ढील दिली आणि जोड प्लास्टिकच्या पट्टीनं बांधून टाकला.

त्यानंतर शून्य आलं नाही. आक्का काठीशिवाय जिना उतरायला लागली आणि एका सकाळी टेम्पोत सायकल घालून चिकोडीला निघाली. सायकलची ती जागा आता रिकामीच आहे, तिथं काही ठेवावंसं वाटत नाही. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "बाजारापर्यंत चालत गेलतो गं आज. येताना भाजीची पिशवीबी मीच आणली."