वाटेचं सामान

सफारीला पांढरे कपडे नकोत, असं प्रवास कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं. काळे आणि निळे तर मुळीच नकोत, तिथली कसलीशी माशी त्या रंगांवर धावून येते आणि कडकडून चावते. भडक लालही नको. मी हे जसंच्या तसं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं. आबांचं धोतर पांढरं, पटका लाल आणि खांद्यावरची घोंगडी काळीभोर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग काय नागडा येऊ व्हय?"

मला हसूही आलं आणि रागही. माझा राग तसा नाकावरच असतो, घरचे म्हणतात. "मातकट रंगाची पँट घ्यायची आबा, आणि तसलाच शर्ट," मी म्हटलं. "टीव्हीतली ती मानसं लालच नेसत्यात की," आबा म्हणाले. "त्यास्नी माशी वळखती वाटतं."

टीव्हीतली ती माणसं हेच सगळ्याचं मूळ होतं. आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, आटपाडीच्या बाजूला, उघड्या माळावर. आबांचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, बायका, लेकरं, सगळा वाडा घाट उतरून कोकणाकडं जायचा आणि पाऊस तोंडावर आला की परतायचा. मला तेवढं शाळेसाठी आत्याकडं ठेवलेलं. पुढं मला साताऱ्याला सरकारी नोकरी लागली, तिथंच संसार झाला. धाकट्या भावानं मेंढरं विकून डाळिंब लावलं, आई गेली, आणि आबा टीव्हीपुढं बसायला लागले. तिथं त्यांना आफ्रिकेतले ते उंच, काटकुळे मेंढपाळ दिसले. सिंहाच्या रानात जनावरं राखणारे! आबांना सिंहाचं एवढं कौतुक नव्हतं. ती माणसं रात्री वाघूर कशी लावतात, म्हणजे कळपाभोवती आडोसा कसा घालतात, ते त्यांना बघायचं होतं. "आमी लांडग्याला कटाळलो. हे सिव्ह आल्यावर काय करत असतील गं?" असं मला दर फोनला विचारायचे.

मी नुसतं हो हो करायचे. मग आबांच्या डोळ्यांचं निघालं. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. डावा डोळा जवळजवळ गेलेलाच होता. उजव्याची नजर कडेकडेनं कमी होत होती. गेलं ते परत येणार नाही, आहे ते थेंबांवर टिकेल, रोज संध्याकाळी न चुकता घालायचे, असं त्यांनी आबांना मराठीत आणि मला पुन्हा एकदा दम देऊन सांगितलं. परत येताना एसटीत आबा खिडकीशी बसले होते आणि मला बाकी काही सुचत नव्हतं. दिसतंय तोवर दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं.

मग मी झपाटल्यासारखी तयारीला लागले. आबांना पुण्याला नेऊन पिवळ्या तापाची लस टोचून आणली. वयामुळं तिथल्या डॉक्टरांनी दहा प्रश्न विचारले आणि मगच सुई हातात घेतली. हिवतापाच्या गोळ्या, डासांचं मलम, तिकडं चालणारी प्लगची पिन, कानटोपी. हो, कानटोपी! आफ्रिकेत पहाटे उघड्या जीपमध्ये थंडी वाजते हे मला तरी कुठं माहीत होतं? तिथलं विमान चिमुकलं असतं, त्यात कडक सुटकेस चालत नाही, म्हणून कापडी बॅग घेतली. रोजची औषधं जास्तीची घ्या, तिकडच्या रानात दुकान नसतं, असंही कंपनीच्या माणसानं बजावलं होतं. म्हणून डोळ्यांच्या थेंबांच्या नव्या बाटल्या आणल्या आणि चिठ्ठीसकट बॅगेत भरल्या. सगळं गावी नेऊन आबांसमोर एकेक करून दाखवलं. बॅग इथंच ठेव म्हणाले. स्वतः चेन ओढली आणि उशापाशी खुंटीला टांगली.

त्यानंतर माझं ऑफिस आणि माझे फोन. "आबा, बूट घालून चालताय ना?" "चालतोय की." "औषध आहे ना?" "हाय की. मायंदाळ हाय." मी निश्चिंत. भाऊ दिवसभर बागेत, वहिनीही त्याच्याबरोबर. आबांचं सगळं आबाच बघत होते आणि ते कुणाला हात लावू देणाऱ्यांतले नव्हेत.

जायला थोडेच दिवस राहिले तेव्हा मी दुर्बीण घेऊन गावी गेले. सवय व्हावी म्हणून त्यांना गावामागच्या टेकाडावर न्यायचं ठरवलं. आबा निघाले तेच उंबऱ्याला अडखळले. वाटेत भावाची शेळी बांधलेली होती, चांगली पांढरीशुभ्र, तिच्यावर जाऊन आदळले. मी म्हटलं, आबा, समोर शेळी आहे. "व्हय व्हय, बघितली," म्हणाले. टेकाडावर दुर्बीण दिली. लांबच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या. हाच माणूस एके काळी पलीकडच्या उतारावरची लंगडी मेंढी उभ्या जागी ओळखायचा. आता दुर्बीण घेऊन आभाळात, जमिनीवर, कुठंही हुडकत होता. "दिसत्यात की," म्हणाले. दुर्बिणीचं तोंड विहिरीकडं होतं.

मी दुर्बीण त्यांच्या हातातून काढून घेतली. "आबा, औषध घालताय ना रोज?"

"ते सपलं की कवाच."

"संपलं? आवं, बॅगेत बाटल्या आहेत की ढीगभर!"

"त्या वाटंच्या हायत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्यात वाडा हलायच्या आधी वाटेचं सामान बांधतात. मीठ, पीठ, मिरची, दवापाणी. एकदा गाठ मारली की ते घरात असलं तरी घरचं नसतं. पहिल्या मुक्कामाआधी त्यातली मिठाची चिमूटसुद्धा कुणी काढायची नाही. घरात चटणीला मीठ नसलं तर आळणी खायचं, पण गाठ सोडायची नाही. आबा जन्मभर तसेच वागले होते आणि आताही तसेच वागले. घरची बाटली संपली, नवी मागायची तर लेकीला पुन्हा त्रास, आणि वाटेची तर फोडायची नाही. म्हणून डोळा तसाच ठेवला, निघायच्या दिवसापर्यंत.

मी तिथं टेकाडावर भांड भांड भांडले. काय काय बोलले ते माझं मला आठवत नाही. आबा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "वाटंला कमी पडलं आसतं तर?"

मिरजेला पळालो. डॉक्टरांनी डोळ्याचा दाब बघितला, पुन्हा बघितला, आणि मला बाजूला घेतलं. मधोमध एवढीशी जागा राहिली आहे, म्हणाले, बांबूच्या नळीतून बघावं तेवढी. ऑपरेशन करू, पण ते आहे ते राखायला. तीही जागा किती टिकेल ते सांगता येणार नाही.

ऑपरेशन झालं. जायची तारीख निघून गेली. मी आबांना साताऱ्याला माझ्याकडं आणलं आणि थेंब स्वतःच्या हातानं घालायला लागले. डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले तशी मी पुन्हा कंपनीला फोन केला. पुढची तारीख मिळत होती. रविवारी सकाळी मी आबांना म्हटलं, "चला, अजून दिसतंय तेवढ्यात जाऊन येऊ. जीप अगदी जवळ नेतात म्हणे."

"नगं," आबा म्हणाले.

"का नगं? एवढी तयारी केली मी!" माझा आवाज चढलाच.

"उरलंय तेवढं सिव्हावर कशाला घालू?" ते म्हणाले. "हिकडं ये. खिडकीपशी बस, उजेडाला."

"माझ्यात काय बघायचंय आता? केस पिकले माझे."

"बस म्हणतोय न्हवं."

मी बसले. आबांनी खुर्ची पुढं ओढली आणि मान किंचित तिरकी केली. त्यांना अख्खा चेहरा एकदम दिसत नव्हता. ते खालून सुरुवात करून जरा जरा वर येत होते. मी रडत होते आणि हलायचं नाही म्हणून तशीच ताठ बसले होते.

"हनुवटी तुज्या आईची हाय," ते म्हणाले. "मला म्हाईतच न्हवतं. तू ल्हान हुतीस तवा मी कदी हुतो घरात?"

"आणि डोळे?" मी विचारलं. "डोळे कुणाचे आहेत?"

"थांब की," आबा म्हणाले. "आजून तितवर आलो न्हाई."