मुरलीधरकाकांचा अबोल व्यापार

मुरलीधरकाका रेगे कचऱ्याचे बिन उचलणाऱ्यांनाही सोडत नाहीत. लंडनबाहेर वॉटफर्डला आमच्या रस्त्यावर मंगळवारी कौन्सिलचा ट्रक येतो. काका मफलर गुंडाळून आपल्या बिनशेजारी असे उभे असतात, जणू त्या बिनला बघायला पाहुणे येणार आहेत. ट्रकमधला माणूस उतरला की काका त्याला सांगतात, रोमनांनी कार्थेज हे शत्रूचं शहर जाळल्यावर तिथल्या जमिनीत मीठ पेरलं म्हणतात ना, ते खोटं आहे, मागाहून कुणीतरी चिकटवलंय. तो म्हणतो, "राइट यू आर, बॉस," आणि बिन ओढत नेतो. एवढ्या संभाषणावर काका पुढचा मंगळवार गाठतात.

काकांची नि आमची भिंत एक, त्यामुळे मला चौकशा कराव्या लागत नाहीत. भिंतच चहाडखोर आहे. सकाळी किटली, मग रेडिओ, मग जिन्यावर पावलं, आणि मग काही नाही. हे काही-नाही दिवे लागेपर्यंत चालतं. निवेदिताकाकू होत्या तेव्हा ह्याच भिंतीतून फोडणीचा वास यायचा, भांडणं यायची, आणि भांडणात काकांची बाजू कधीच यायची नाही.

कार्थेज आलं तेही काकूंमुळेच. काकांनी जन्मभर जहाज कंपनीच्या ऑफिसात बसून कंटेनर इकडून तिकडे धाडले, स्वतः एकदाही जहाजावर चढले नाहीत. रिटायर झाल्यावर काकूंनी ट्युनिशियाची ट्रिप काढली, कारण तिथं ऊन स्वस्त मिळतं. बाकीची मंडळी उंट बघत होती. काका मात्र कार्थेजच्या गोल बंदराकाठी बसले. एके काळी तिथं दोनशेच्या वर लढाऊ जहाजं शेडमध्ये ओढून ठेवायचे. आता गावतळ्याएवढं पाणी उरलंय. बस सुटायची वेळ झाली तरी हे उठेनात. काकू गाईडला म्हणाल्या, "असू द्या, ह्यांना इथंच बांधून ठेवा."

तेव्हापासून आम्ही ऐकतो आहोत. टायर शहरातल्या राजकन्येची, एलिसाची गोष्ट तर मला पाठ आहे. भावानं तिच्या नवऱ्याला मारलं, तशी एलिसा माणसं आणि जहाजं घेऊन पळाली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिनं बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जागा मागितली, आणि मग त्या कातड्याची बारीक वादी कापून अख्खी टेकडी वेढली, तेच कार्थेज. ही बाई मला पहिल्यापासून आवडते. आमच्या मंडळात असती तर गणपतीच्या हॉलचं पार्किंग तिनंच मिळवलं असतं.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. मुलगी कस्तुरी एडिनबराला असते. ती आली, राहिली, गेली. रस्त्यावरच्या मराठी घरांतून डबे सुरू झाले. माझी आमटी, कोपऱ्यावरच्या आशाताईंचं थालीपीठ. काका दार उघडायचे, डबा घ्यायचे, त्यानिमित्तानं दोन जहाजं तरी समुद्रात सोडायचे. पण डबे परत येईनात. महिना गेला, थंडी आली, डबा काही नाही. मग आशाताई मला फोनवर म्हणाल्या, "माझा चांगला क्लिपचा डबा होता गं. ते चॅरिटी शॉपमध्ये देतात की काय?" हळूहळू डबे बंद झाले, आणि डब्यांबरोबर काकांच्या दारावरची बेलही. पार्सलवाला सोडला तर त्या घराकडे कुणी फिरकेना.

फेब्रुवारीत एका दुपारी भिंतीतून करपल्याचा वास आला, पाठोपाठ स्मोक अलार्म. मी मागच्या बागेतून धावले. काका टॉवेलनं अलार्मला वारा घालत होते. गॅसवर कढई, कढईत काळं काहीतरी.

"काका, हे काय?"

"नारळाच्या वड्या."

"ह्या? मला वाटलं, कार्थेजचं उत्खनन."

"बस. नको, उभीच राहा, खुर्च्यांवर डबे आहेत."

सगळे डबे होते. घासूनपुसून, झाकणावर कुणाचा तो कागद चिकटवून. माझे स्वतःचे मी ओळखले नाहीत, इतके लखलखीत.

"रिकामे कसे परत करू?" काका म्हणाले. "वड्या जमतील, मग देईन, असं करत करत राहिले."

"चिमूटभर साखर घालायची की."

"साखर म्हणजे टाळाटाळ, असं ही म्हणायची."

"ते काकू आशाताईंना उद्देशून म्हणायच्या."

काका हसले. मी ती कढई सिंकमध्ये भिजत घातली, तोवर त्यांनी नवी गोष्ट काढली. कार्थेजचे व्यापारी आफ्रिकेच्या पार पलीकडल्या किनाऱ्यावर जायचे, जिथं कुणाला कुणाची भाषा येत नसे. ते माल वाळूवर मांडून ठेवायचे, जहाजावर परत जायचे, आणि धूर करायचे. धूर बघून तिथले लोक यायचे, मालाशेजारी सोनं ठेवून मागं सरायचे. सोनं पुरेसं वाटलं तर व्यापारी ते उचलून निघून जायचे, नाही तर पुन्हा जहाजावर जाऊन बसायचे. एक शब्द न बोलता. एका ग्रीकानं लिहून ठेवलंय की त्यात कुणी कुणाला फसवत नसे.

"मग तुम्ही तेच करा," मी म्हटलं. "डबे लोकांच्या दारात मांडा. धूर तर झालाच आहे."

थट्टा करताना समोरचा माणूस कोण आहे ते बघावं. काकांनी वेम्बलीच्या देशी दुकानांत जाऊन खोकेभर मिठाई आणली, डबे भरले, आणि लोक कामावर असताना एकेकाच्या पायरीवर ठेवून आले. बेल कुठंच वाजवली नाही. मग घरी येऊन पुढच्या खिडकीत खुर्ची ओढून बसले. खुर्ची ओढल्याचं मला ऐकू आलं.

इकडे आशाताईंचा फोन. "सगळ्यांचे डबे एकदम परत? घर विकलं बघ. मुलगी नेतेय एडिनबराला." मी नाही-नाही म्हणेपर्यंत ते वेम्बलीपर्यंत पोचलं होतं. जाणाऱ्या माणसाला डबा कोण पाठवतो? किती व्यवस्थित निरोप घेतला, म्हणून सगळ्यांनी वाखाणणी केली आणि मिठाई खाल्ली. काका खिडकीत बसून राहिले. सकाळी खुर्ची, संध्याकाळी खुर्ची.

रविवारी मी कपडे वाळत घालत होते. काकांनी कुंपणावरून विचारलं, "वरदा, हे चालू राहतं ना गं आपल्यात? एक जातो, एक येतो?"

"राहतं की."

"मग माझं कुठं चुकलं?"

"बेल नाही वाजवलीत, काका. आपण कार्थेजवाले नाही. आपल्यात डबा म्हणजे सबब. दारात उभं राहून अर्धा तास 'येते हं, येते हं' म्हणायचं, त्यासाठी असतो तो."

काका खाली बघत कुंपणावरचं शेवाळ नखानं खरवडत राहिले.

"पण दार उघडल्यावर बोलायचं काय? बोलायची ही. मी मागं पिशवी धरून उभा असायचो. मला एक कार्थेज येतं, आणि ते काढलं की माणसं घड्याळ बघतात."

मलाच उद्देशून असणार. मीही बघते.

"मग काही सांगू नका. मागा. आशाताईंकडे जाऊन विरजण मागा."

"मला दही लावता येत नाही."

"म्हणूनच. कसं लावायचं तेही विचारा. आणि घर विकलेलं नाही, हेही सांगा."

ते मफलर गुंडाळून, रिकामी वाटी हातात धरून निघाले. कोपऱ्यावर जाईपर्यंत दोनदा थांबले. मी आमच्या बिनआडून बघत होते. मी बिन बाहेर काढायला आले होते, असं माझ्या नवऱ्याला सांगितलंय. काकांनी बेल वाजवली. आशाताईंनी दार उघडलं, बराच वेळ हातवारे झाले, मग घरातली ऊब बाहेर जाते म्हणून त्यांनी काकांना आत ओढून दार लावलं.

परत आले तेव्हा अंधारलं होतं. वाटी तशीच रिकामी.

"विरजण?"

"मागायचं राहिलंच. उद्या या म्हणाल्या."

"आणि कार्थेज?"

"कुठलं? त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन परत पुढं ढकललंय. रात्र रात्र झोप नाही त्यांना. तुला माहीत होतं?"

"काका, अख्ख्या वॉटफर्डला माहीत आहे."

काकांनी किल्ली काढली, दार उघडलं, आणि आतल्या अंधाराकडे बघत म्हणाले, "मला नव्हतं."