चिलटं, मी आणि लेकीचा तास

लेक माझी प्राध्यापक. पार्किन्सनवर संशोधन करते. म्हणजे काय, तर केळ्यावरच्या चिलटांना मुद्दाम तो आजार देते आणि ती काचेच्या नळीत वर चढेनाशी झाली की खूश होते. मला तो फुकटात झाला, तेव्हा मात्र रडली.

परवा म्हणाली, "आई, माझ्या तासाला येशील? पोरांनी थरथर फक्त पुस्तकात पाहिलीय. मोठे सर बसणार आहेत. त्यांना पटलं तर असे तास कायमचे सुरू होतील."

"म्हणजे मी चिलट?"

"चिलटं निदान उलट बोलत नाहीत."

गेले. चारकोपहून अंधेरीला रिक्षाने, इस्त्रीची साडी, गजरा. थरथरीची गोळी तास संपल्यावर घे, डॉक्टरांना विचारलंय, असं तिने बजावलं होतं. पण चारचौघांत असा हात घेऊन जायचं? केस न विंचरता जातं का कोणी? मालाडच्या ट्रॅफिकमध्ये घेऊन टाकली.

वर्गात खुर्चीवर बसले, तर हात मांडीवर शांत, जसा काही शेजारणीचा. पोरं माझ्याकडे बघतायत, मी पोरांकडे, मागे बसलेले सर घड्याळाकडे. लेक वाकून पुटपुटली, "गोळी घेतलीस ना?"

"अगं, चांगलं दिसायला नको?"

"वाट लावलीस, आई."

तोंड एवढंसं झालं तिचं. मलाही कसंतरी झालं. पण पोर माझीच. एकदम गोड आवाजात विचारते, "आई, सोसायटीचे सेक्रेटरी काय म्हणाले गं तुला?"

झालं! तो मेला म्हणतो, आजी, खिडकीतल्या कुंड्या काढा, तुमचा हात लागून खाली पडतील. अरे, तू सोसायटीत यायच्या आधीपासून माझा गवती चहा आहे तिथे! मी सुटले, आणि मांडीवरचा हातही सुटला, जपमाळ ओढावी तसा.

"बघा," लेक म्हणाली, "मन तापलं की गोळीलाही जुमानत नाही तो." पोरं पुढे सरकली. सर उठून पहिल्या बाकावर आले.

सवयीने मी हात पदराखाली घेतला. आजार झाल्यापासून तिथेच तर लपवतेय. एक मुलगी हळूच म्हणाली, "आजी, थोडा वेळ बाहेर ठेवाल?"

लेकीकडे पाहिलं. काढला बाहेर.

"बघा हवं तेवढं. पण सेक्रेटरीचं अर्धंच सांगून झालंय. ते संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. सर, तुम्हीसुद्धा."