व्यासराज रावांचे अडतीस जीबी

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात ब्रेकच्या केबली बनतात, आणि त्यांच्या खोक्यांवरची लेबलं व्यासराज राव छापतात. म्हणजे छापतो प्रिंटर. पण काय छापायचं हे प्रिंटरला सांगणारा प्रोग्रॅम रावांनी एकोणीस वर्षांपूर्वी एकहाती लिहिला. त्याचं नाव 'श्रीराम एक'. 'श्रीराम दोन'ची गरज कधी पडलीच नाही, हे सांगताना राव चष्मा काढून पुसतात आणि समोरच्याने काही बोलायची वाट बघतात.

राव तंजावरी मराठी. मूळ पुरुष तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत उतरले, तेव्हा जी मराठी बरोबर आणली तीच घरात अजून चालते. फक्त हेल तमिळचा चढलाय. शेजारच्या टेबलावरची सावनी नाशिकची, वय चोवीस. राव "सावनीमा, जेवण जालें काय?" म्हणाले की तिला एखादा ताम्रपट बोलल्यासारखं वाटतं.

तर यंदा गिऱ्हाईक कंपनीने हुकूम काढला: लेबलावर नवा चौकोनी कोड हवा. 'श्रीराम एक' ज्यात लिहिला होता ते जुनं सॉफ्टवेअर म्हणालं, जमणार नाही, नवी आवृत्ती घाला. मॅनेजर हरिप्रसाद प्रत्येक वाक्य दोनदा बोलतात, एकदा आपल्यासाठी आणि एकदा भिंतीसाठी. "शुक्रवार, बारा. ट्वेल्व मीन्स ट्वेल्व. लेबल निघालं तर तुमचा प्रोग्रॅम. निघालं तर तुमचा. नाही तर सोमवारपासून बाहेरच्या कंपनीचा, आणि तुम्ही गेटपासला. गेटपासला."

गेटपास म्हणजे फाटकाजवळची पत्र्याची खोली. लॉरी ड्रायव्हरांना चिठ्ठ्या फाडून द्यायच्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाने 'श्रीराम एक' सोडून चिठ्ठ्या फाडायच्या! रावांना त्या रात्री रसमसुद्धा गोड लागलं नाही.

बुधवारी सुरुवात केली. नव्या आवृत्तीने अडतीस जीबी जागा मागितली. "अय्यो! आमच्या ट्रिप्लिकेनच्या घराला इतकी जागा नाही." डिस्क उघडून बघतात तर भाचीच्या लग्नाची चित्रफीत, नांदीपासून नलंगूच्या खेळांपर्यंत, एकतीस जीबी.

"सर, हे ऑफिसच्या मशीनवर?" सावनीने विचारलं.

"घरांत ठेवलं तर बायको रोज बघत्ये मा. जेवण करायला उशीर होत्ये."

मन घट्ट करून त्यांनी लग्न पेनड्राइव्हवर हलवलं.

गुरुवारी डाउनलोड. हिरवी पट्टी सत्त्याण्णव टक्क्यांपर्यंत धावत आली आणि थांबली. खाली अक्षरं: 'जवळजवळ झालंच.' गिंडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला ऑटोवाला "इदो वंदुट्टेन, सार" म्हणतो ना, हा आलोच, तसंच. दीड तास तो येतच होता. मग नेट गेलं, आणि पट्टी शून्यावर जाऊन अशी बसली, जणू रावांना ती ओळखतच नाही. संध्याकाळी कंपनीची बस चुकवून त्यांनी सगळं पुन्हा उतरवून घेतलं.

उजाडला शुक्रवार. शुक्रवारचा राहुकाल साडेदहा ते बारा. त्या वेळात काही सुरू करायचं नाही, चेन्नईत हे बाळालाही ठाऊक. रावांनी पंचांग बघून ठरवलं होतं, इन्स्टॉलचं बटण साडेदहाच्या आत दाबायचं. आरंभ शुभ काळात झाला की मधलं सगळं मशीन बघून घेईल. दहा वीसला नमस्कार करून त्यांनी बटण दाबलं.

दहा चव्वेचाळीसला पडद्यावर चौकट आली: मशीन बंद करून पुन्हा सुरू करा.

रावांनी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"दाबा ना सर," सावनी म्हणाली.

"बारा वाजूं दे."

"बारा? बाराला तर हरिप्रसाद येणार!"

"बंद करून परत चालू करायचं मणजे नवा आरंभच की. राहुकालांत कसं करायचं मा?"

"अहो, पण आरंभ झालाय! हे त्याच्याच मधलं आहे!"

"तूं नाशिकची. तुला कळायचं नाही."

"नाशिकलासुद्धा घड्याळं असतात, सर!"

सावनीने डोकं धरलं. अकरा वाजले. अकरा पाच. चौकट तशीच, राव तसेच. शेवटी तिने रावांचाच फोन उचलून घरी लावला. रावांच्या बायकोने, श्रीरंजनीबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. "त्यांना फोन द्या" वगैरे काही नाही, थेट स्पीकरवरून आवाज आला:

"अहो. आपण एग्मोरांत गाडींत बसून तंजावरला जात होतों. विळुपुरांत इंजिन बदलत होते. तेव्हां तुमी उतरून दुसरं तिकिट काढत होतां काय?"

"तसं नाही मणजे..."

"मग बटण दाबा. आणि त्या पोरीला छळूं नका."

रावांनी डोळे मिटून दाबलं. पडदा काळा झाला. मग निळा. मग 'बंद करू नका'ची माळ सुरू झाली: दहा टक्के, तीस टक्के, पुन्हा दहा. अकरा एक्केचाळीसला मशीन जागं झालं. 'श्रीराम एक' नव्या आवृत्तीत उघडला आणि इशाऱ्यांची यादी धो धो खाली आली. चारशे बारा.

"चारशे बारा!" सावनी किंचाळली.

रावांनी चष्मा चढवला. "चुका किती?"

"चुका... शून्य. नुसते इशारे."

"मग काय. लग्नांत नातेवाईक बोलत नाहींत? ते बोलतात, लग्न होत्ये."

चौकोनी कोड छापायचा नवा भाग त्यांनी बुधवारीच कागदावर लिहून ठेवला होता. टंकून अकरा अठ्ठावन्नला झाला. प्रिंटरमध्ये रोल होता, पण रावांचं बोट हवेतच. सावनीने बघितलं. या खेपेला तीही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. काटा बारावर पडला, बोट पडलं, लेबल बाहेर आलं.

हरिप्रसाद मात्र नाहीत. बारा तीनला सावकाश आले.

"सर, ट्वेल्व मीन्स ट्वेल्व ना?" सावनीने विचारलं.

"राहुकाल संपल्याशिवाय केबिनमधून कसं निघणार? कसं निघणार?" त्यांनी स्कॅनर लेबलावर धरला. पिप्. आकडा बरोबर. पुन्हा धरला, भिंतीसाठी. पिप्.

"ओके. तुमचा प्रोग्रॅम. तुमचाच. आता पॅकिंगच्या चौदा मशीनवर पण नवं सॉफ्टवेअर घाला. सोमवारच्या आत. चौदा."

ते गेले. राव खुर्चीत टेकले. गेटपासची पत्र्याची खोली आता दुसऱ्या कुणाची. चष्मा काढला, पुसला.

सावनीने टेबलावरचं पंचांग ओढून घेतलं आणि बोट फिरवत म्हणाली, "सर, उद्या शनिवार. राहुकाल नऊला लागतो. आपण साडेसहाच्या बसने येऊन चौदाही बटणं दाबून टाकू."