मैना आणि काळेकाकांची खुर्ची

काळेकाका खुर्चीवर चढून उभे होते. तेलीबांध्याच्या त्या सोसायटीचे ते सेक्रेटरी. त्यांच्याच घरच्या हॉलमध्ये मीटिंग सुरू व्हायची होती आणि समोर माधुरीताईच्या पायाशी मैना शांत बसली होती. मैना म्हणजे डॉबरमॅन कुत्री. काळी, उंच, निमुळत्या तोंडाची.

"भैया, आधी हिले बाहेर काढ! बच्चे हैं सोसायटी में!"

"काका, हे माधुरीताईचे कान आहेत. कान कसे बाहेर काढू?" मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. माझा जोक वाया गेला.

मी कुत्रे ट्रेन करतो. मैना हिअरिंग डॉग आहे. ज्याले ऐकू येत नाही, त्याच्यासाठी ती ऐकते. बेल वाजली, बाळ रडलं की नाकानं ढोसते आणि आवाजापाशी घेऊन जाते.

माधुरीताईचे कान लहानपणी तापात गेले. ती ओठ पाहून बोलणं समजते. नवरा रेल्वेत, गाडीवर गेला की दोन-दोन दिवस घरी नाही. पहिल्याच भेटीत ती म्हणाली होती, "भैया, बाळ रडते आन मले समजतच नाही. त्याच्या पोटावर हात ठेवूनच झोपते मी."

बाकीचे ट्रेनर रेकॉर्डिंग लावतात. मी तोंडानंच आवाज काढतो. शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून मार खाल्ला, तीच कला आता कामी येऊन राहिली. बेल, कुकर, बाळ, सगळं मीच.

आता मैनाले सोसायटीत ठेवायचं की नाही, हे त्या मीटिंगमध्ये ठरणार होतं.

"डेमो पाहा," म्हटलं, आणि बाळासारखा रडलो. एकदम फर्स्ट क्लास.

मैनानं माझ्याकडे पाहिलं. जांभई दिली.

पुन्हा रडलो. आता हॉल हसला.

"हेच का तुझे कान?" काका वरूनच म्हणाले. माधुरीताईले हसणं ऐकू आलं नाही, पण दिसलं. तिनं मान खाली घातली.

मग मले आठवलं. ट्रेनिंगच्या शेवटी नकली आवाजाची सवय तोडतात. माझ्या रडण्यावर मीच तिचं बिस्किट बंद केलं होतं. खरं बाळ रडलं तरच बिस्किट. पण हे आता सांगितलं असतं तर बहाणाच वाटला असता.

"चला, हात वर करा," काका म्हणाले.

तेवढ्यात बाजूच्या खोलीत काकांची नात झोपेतून उठून रडायले लागली. मैना उठली. ताईच्या गुडघ्याले नाक लावलं, दोन पावलं गेली, वळून पाहिलं. ताई मागोमाग निघाली.

"अरे, कोई रोको!" काका ओरडले. पण खुर्चीवरून उतरायची हिंमत होईना.

मी दारातून पाहिलं. ताईनं पोरगी छातीशी धरली होती. मैना खाली बसली होती, आणि पोरीनं वरून तिचा कान मुठीत पकडला होता. मैना हलली नाही.

मागून कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. काका होते. कधी उतरले, माहीत नाही.

"चावत नाही ना रे?"

"नाही काका."

"हव," ते हळूच म्हणाले. "मग राहू दे."

महिन्याभरानं ताईले विचारलं, "झोप होते का?" ती म्हणाली, "दोन्ही हात उशीखाली घेऊन झोपते."

या धंद्यात मी एवढंच शिकलो. घाबरलेल्या माणसाशी वाद घालू नये. त्याले खुर्चीवर उभं राहू द्यावं. उतरतो.